आवाजासाठी जागा

आमच्या घरात ‘दिसत नाही’ हे शब्द कुणी उच्चारत नसे. बाबांचा चष्मा दर वर्षी जाड होत गेला, पुढे तो जाड करण्यातही अर्थ उरला नाही, तरी आम्ही तिघं ‘आज उजेडच कमी आहे’, ‘छपाई किती खराब’, ‘हा बल्ब बदलायला हवा’ असंच बोलत राहिलो. काचबिंदूत नजर कडेकडेने विझत आत येते, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की ताटातली डावीकडची चटणी बाबा तशीच ठेवून उठतात. मग एक दिवस आईने वाढून झाल्यावर काही न बोलता त्यांचं ताट अर्धं फिरवलं, आणि त्यांनी चटणी खाल्ली. त्यानंतर ती रोज ताट फिरवायची. बाबांना ते कळत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी विचारायची रीत नव्हती.

आमचं घर बेहाला ह्या बंगाली उपनगरात, ट्रामच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, पहिल्या मजल्यावर. खाली लेथचा कारखाना होता. सकाळी दहाला तो सुरू झाला की जमिनीतून एक बारीक कंप पायात चढायचा आणि कपबश्या फळीवर एकमेकींना लागून किणकिणायच्या. वीज गेली की तो आवाज एकदम थांबे, आणि मग शेजारच्या घरातलं तानपुऱ्यावरचं गाणं, रस्त्यावरच्या ऑटोवाल्यांची भांडणं, आईच्या कढईतली फोडणी, सगळं एकदम जवळ आल्यासारखं वाटे. आई नागपूरची. लग्न होऊन आली तेव्हा मोहरीच्या तेलाच्या वासाने तिला वर्षभर ठसका लागत होता म्हणे. पण मला आठवते ती आई मोहरीच्याच तेलात पिठलं करायची आणि बटाटा-खसखशीच्या आलूपोस्तोत चिमूटभर काळा मसाला घालून शेजारच्या बायकांना खाऊ घालायची. बाबा मात्र जन्मापासून इथले. त्यांचे वडील नोकरीसाठी आले आणि राहिले. बाबांचं मराठी चांगलं होतं, पण तहान लागली की ते ‘पाणी खातो जरा’ म्हणायचे, कारण बंगालीत पाणी खातातच, आणि मीही तसंच म्हणे. आई दोघांना सारखीच दुरुस्त करायची.

बाबा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवत, नववी-दहावीला. भूमिती हा त्यांचा खास विषय. त्यांच्या हातचं वर्तुळ कंपासशिवाय बंद व्हायचं आणि शेवट सुरुवातीला कुठे मिळाला ते दिसायचं नाही, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. नजर जायला लागल्यावर त्यांनी ज्या युक्त्या केल्या, त्या मला हळूहळू समजत गेल्या. शाळेच्या जिन्याच्या पायऱ्या त्यांनी मोजून ठेवल्या होत्या. पुस्तकातली सगळी उदाहरणं पाठ केली होती, पानाच्या आकड्यासकट. वह्या तपासायला घरी आणत आणि मला म्हणत, ‘मीनू, जरा वाच, माझे डोळे दमलेत.’ मी वाचायची, ते गुण सांगायचे, मी लाल शाईने लिहायची. डोळे दमलेत, एवढंच ते कबूल करत. ते दोन वर्षं दमलेले होते.

मी तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते. घरात कॉम्प्युटर आला तो देबूदाकडून. देबूदा आमच्या गल्लीच्या तोंडाशी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा आणि अलीकडे ऑफिसांतून निघालेल्या जुन्या कॉम्प्युटरांचे सुटे भाग जोडून नवे करून द्यायचा. चाळिशीचा, कायम पान खाणारा, बाबांना ‘मास्टरमोशाय’ म्हणणारा. त्याने पेटी बाहेरच्या खोलीत, बाबांच्या पलंगाच्या उशाशी असलेल्या टेबलावर बसवली, कारण विजेचं बरं भोक तिथेच होतं. सगळं ठीक होतं, फक्त डिस्क फार लहान होती. ‘दिदीमोनी, विचार करून भर,’ तो मला म्हणाला, ‘ही सुटकेस आहे, गोदाम नाही.’

मला त्यात लिनक्स घालायचं होतं, कॉम्प्युटर चालवणारी फुकट प्रणाली. कॉलेज स्ट्रीटवरून घेतलेल्या एका मासिकाबरोबर त्याची सीडी मिळाली होती. आज माझ्याबरोबर काम करणारी मुलं फोनवर बोट टेकवतात आणि प्रोग्रॅम येऊन बसतो. त्याच्याबरोबर आणखी काय काय आलं, हे त्यांना ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नसतं. तेव्हा तसं नव्हतं. निळ्या पडद्यावर एक यादी यायची, शेकडो नावांची. प्रत्येक नावापुढे चौकटी कंस, त्यात स्पेसबार दाबला की चांदणी उमटायची, म्हणजे हे पॅकेज हवं. परत दाबला की चांदणी जायची. खाली कोपऱ्यात एकूण किती जागा लागेल तो आकडा सारखा बदलत राहायचा. आणि एक मागितलं की ते एकटं येत नसे. त्याला दुसरं काहीतरी लागे, त्याला तिसरं. लग्नाला एका पाहुण्याला बोलवावं आणि त्याने आपली मावशी, मावशीची जाऊ आणि जावेचा भाचा घेऊन यावं, तसं.

पहिल्या दिवशी दुपारी मी एकटीच निवडत बसले. बाबा शाळेतून येऊन पलंगावर आडवे झाले होते, डोळ्यांवर ओला रुमाल. मला सगळ्यात आधी हवा होता तो चित्रांचा डेस्कटॉप: खिडक्या, माऊस, रंग. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्यावर चालायचा होता, आणि खरं सांगायचं तर कॉलेजात ज्यांच्या घरी तो होता त्यांच्यासारखं मलाही घरी बसून काम करायचं होतं. तो एकटाच अर्ध्याहून जास्त डिस्क खात होता. मग कंपायलर, एडिटर, असं करत करत मी यादीत खाली गेले आणि एका ओळीवर थांबले. त्या पॅकेजच्या माहितीत लिहिलं होतं की पडद्यावरचा मजकूर हे आवाजात वाचून दाखवतं.

मी चांदणी लावली. लगेच पडदा बदलला आणि नव्या नावांची रांग आली: ह्यासाठी आवाजाची एक मोठी फाइल लागेल, साउंड कार्डची सोय लागेल, आणखी तीन-चार गोष्टी लागतील. खालचा आकडा डिस्कच्या पुढे गेला. डेस्कटॉप काढला तर सगळं बसत होतं. मी थोडा वेळ बोट स्पेसबारवर ठेवून बसले आणि मग ती चांदणी काढून टाकली.

बाबा झोपले आहेत असं मला वाटत होतं. रुमालाखालून ते म्हणाले, ‘काय काढलंस?’

त्यांना कसं कळलं असेल? कीबोर्डच्या टकटकीच्या लयीत काहीतरी अडखळलं असणार. मी म्हटलं, काही नाही, जागा कमी पडतेय.

त्यांनी रुमाल डोळ्यांवर सारखा केला. मग अगदी सहज, भाजीवाला आला होता का असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, ‘त्यात वाचणारं काही असतं का गं? ऐकलं होतं कुठेतरी.’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘तसलं काही नाहीये ह्यात.’

हे लिहिताना आज इतक्या वर्षांनीही हात थांबतो. मी खोटं का बोलले, ह्याची दोन उत्तरं मी स्वतःला देत आले आहे. एक म्हणजे मला डेस्कटॉप हवा होता. दुसरं, ‘आहे’ म्हटलं असतं तर ते कशासाठी हवं हेही त्या खोलीत बोलावं लागलं असतं, आणि ते बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं. दुसरं उत्तर ऐकायला बरं वाटतं म्हणून मी बरीच वर्षं तेच धरून बसले होते. आता वाटतं, पहिलंही तेवढंच खरं होतं.

मी इन्स्टॉल करायचा हुकूम दिला, काम निम्म्यावर आलं असताना वीज गेली, आणि खालचा लेथ थांबला. डिस्क अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिली. पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार होतं. त्या आठवड्यात कॉलेजच्या परीक्षा होत्या, म्हणून ते तसंच राहिलं.

त्याच आठवड्यात शाळेत ते घडलं. बाबा नववीच्या वर्गावर गेले आणि फळ्यावर वर्तुळ काढायला लागले. फळा रिकामा नव्हता. आधीच्या तासाची आख्खी बंगाली कविता त्यावर तशीच होती, आणि बाबा त्या ओळींवरून वर्तुळ, त्रिज्या, स्पर्शिका काढत गेले, अक्षरं देत गेले, सिद्धता लिहीत गेले. वर्गात एक मुलगी होती, जी कित्येक महिने बाबा येण्याआधी गुपचूप उठून फळा पुसून ठेवत होती. त्या दिवशी ती तापाने घरी होती. बाकीची मुलं हसली नाहीत. सगळी वह्यांत माना घालून बसून राहिली, आणि तीच शांतता व्हरांड्यातून जाणाऱ्या मोठ्या बाईंना विचित्र वाटली म्हणून त्या दारात येऊन थांबल्या. तास संपल्यावर त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. दुर्गापूजेच्या सुट्टीपर्यंत वेळ घ्या, म्हणाल्या. सुट्टीनंतरच्या चाचणीची प्रश्नपत्रिका तुमची तुम्ही काढून आणू शकलात आणि वर्ग कसा घेणार ते सांगू शकलात तर पुढचं बोलू, नाहीतर आपण सन्मानाने निरोप समारंभ करू.

हे आम्हाला बाबांनी सांगितलं नाही. त्यांचे एक सहकारी संध्याकाळी येऊन आईला स्वयंपाकघराच्या दाराशी सांगून गेले. आईने त्या दिवशी वरणाला दोनदा मीठ घातलं आणि बाबांनी ते वरण काही न बोलता संपवलं.

रविवारी सकाळी बाबा आंघोळ करून, स्वच्छ कुर्ता घालून माझ्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढून बसले. समोर कुरमुऱ्यांची वाटी. मला म्हणाले, ती यादी लाव. मी म्हटलं, बाबा, फार मोठी आहे, मी करते निवड. ते म्हणाले, नाही, मला वाच. सगळी. नाव आणि ते काय करतं ते. निवड मी करणार.

मी सीडी घातली, निळा पडदा आला, मी वाचायला लागले. इंग्रजीतलं वाचून मराठीत सांगायची. बाबा वर्गात तोंडी परीक्षा घेतल्यासारखे ऐकत होते. हे कशावर अवलंबून आहे? ह्याच्याशिवाय कोण अडेल? दोन एडिटर कशाला, दोघांत लहान कोणता? एकावर एक अवलंबून असलेली नावं त्यांना प्रमेयांसारखी वाटत होती आणि त्यांना त्यात मजा येऊ लागली होती, हे मला दिसत होतं. कुरमुरे संपले, आईने चहा ठेवला. मी एकेका नावाने त्या ओळीच्या जवळ जात होते.

ती ओळ मी सहज गाळू शकले असते. बाबा पडद्याकडे तोंड करून बसले होते, पण त्यांचे डोळे पडद्याच्या थोडे वर, भिंतीवर होते. खाली नेणारी बाणाची की दोनदा दाबायची आणि पुढचं नाव वाचायचं, एवढंच. कुणालाच कधीच कळलं नसतं. त्या चार-पाच ओळी मी इतक्या सावकाश वाचल्या की बाबा म्हणाले, दमलीस का?

‘नाही,’ म्हटलं, आणि ती ओळ वाचली. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवतं.

बाबांनी कप खाली ठेवला. बशी शोधायला त्यांना जरा वेळ लागला.

‘त्या दिवशीही होतं का हे यादीत?’

‘होतं.’

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. मला वाटलं ते रागावतील, निदान का म्हणून विचारतील. ते म्हणाले, ‘त्याला काय काय लागतं ते वाच.’ मी वाचलं. आवाजाची फाइल, साउंड कार्ड, बाकीची नावं. खालचा आकडा सांगितला, डिस्कचा आकडा सांगितला. त्यांनी मनात वजाबाकी केली.

‘सगळ्यात मोठं काय आहे आपण घेतलेल्यात?’

‘डेस्कटॉप. चित्रांचा.’

‘तो काढ.’

मी म्हटलं, बाबा, मग नुसता काळा पडदा राहील आणि त्यावर अक्षरं. काहीच दिसायला नाही. हे बोलताना मी स्वतःची बाजू मांडत होते, प्रकल्पाचं तोंडावर आलं होतं, पण वाक्य असं निघालं.

‘मीनू,’ ते म्हणाले, ‘मला तसंही दिसत नाही. काढ तो.’

स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं. खालचा कारखाना रविवारी बंद असायचा, त्यामुळे ते थांबलेलं स्पष्ट ऐकू आलं. मी स्पेसबार दाबला, चांदणी गेली, तिच्यामागे तिची सगळी वरात गेली, आणि आकडा धडाधड खाली आला. थोड्या वेळाने लाटणं परत सुरू झालं. त्या दिवशी दुपारी जेवताना आई बाबांना म्हणाली, ‘अहो, डावीकडे चटणी आहे,’ आणि ताट होतं तिथेच ठेवलं.

आता वाटलं होतं की अवघड ते झालं. पण इन्स्टॉलर बरोब्बर आवाजाच्या त्या मोठ्या फाइलपाशी येऊन अडकला. ही फाइल वाचता येत नाही, एवढंच तो म्हणाला आणि खाली एकच बटण, ‘ठीक आहे’. दुसरा काही पर्याय नाही. ते दाबलं की सगळं बंद, परत पहिल्यापासून. असं तीनदा झालं. सीडी उजेडात धरली तर कडेला एक बारीक ओरखडा होता. देबूदाने सीडीला टूथपेस्ट लावून, मऊ फडक्याने आतून बाहेर पुसून दिलं. त्या उपायानंतर तो आवाजाच्याही आधीच्या एका पॅकेजवर अडकायला लागला. देबूदाने पान थुंकून येऊन मान्य केलं की टूथपेस्ट जरा जास्त झाली.

शेवटी मी वेगळा रस्ता घेतला. अडणाऱ्या दोन्ही गोष्टींच्या चांदण्या काढल्या, बाकीचं इन्स्टॉल पूर्ण करून घेतलं आणि ठरवलं की राहिलेलं बाहेरून आणायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये इंटरनेट होतं. तिथे आवाजाची फाइल उतरवायला एक आख्खी दुपार गेली. ती एका फ्लॉपीत मावणारी नव्हती. तिचे सहा तुकडे केले, सहा फ्लॉपींवर घेतले आणि मिनिबसमध्ये पर्स छातीशी धरून घरी आले. चौथी फ्लॉपी वाचेना. दुसऱ्या दिवशी परत कॉलेज, परत चौथा तुकडा, ह्या वेळी दोन फ्लॉपींवर. तुकडे जोडले, फाइल अखंड झाली, आणि पॅकेज म्हणालं की मला एका लायब्ररीची, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या फाइलींच्या संचाची, ह्याहून नवी आवृत्ती हवी, त्याशिवाय मी बसणार नाही.

नवी आवृत्ती घातली तर दुसरी चार कामं मोडणार होती. एक आडवाट होती: तपासणी न करता बस, असा हुकूम देता येत असे. मी बाबांना ते समजावून सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. म्हणजे सिद्धतेतली एक पायरी गाळायची आणि पुढे जायचं, असं ना, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, आधी उत्तर येतंय का बघू, पायरी मागाहून शोधू. शिक्षक म्हणून आयुष्यभर त्यांनी ज्याला गुण कापले होते ते त्या दुपारी त्यांनी मला करू दिलं.

पॅकेज बसलं. मी एक वाक्य टाइप केलं, वाचायची आज्ञा दिली, आणि काहीच ऐकू आलं नाही. साउंड कार्ड बदलून पाहिलं, तारा बदलल्या, देबूदाने स्पीकर उघडून परत मिटले. दोन दिवस ह्यात गेले. तिसऱ्या दिवशी मी कंटाळून नुसतीच तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देत होते, तेव्हा बाबा उठले, टेबलाशी वाकले आणि स्पीकरला कान लावला.

‘बोलतोय,’ ते म्हणाले. ‘फार हळू बोलतोय.’

मी कान लावला. मला खरखर सोडून काही ऐकू आलं नाही. पण मी आवाजाची पातळी कुठे ठरते ते शोधलं, आणि ती शून्याला चिकटलेली निघाली. इन्स्टॉलरने ती तशीच ठेवली होती, मुद्दाम, कुणाचे कान फुटू नयेत म्हणून. दोन दिवस तो बोलत होता. मी पातळी वर केली आणि एक पुरुषी, नाकातला, कुठल्याच गावाचा नसलेला इंग्रजी आवाज आमच्या खोलीत भरून राहिला.

बाबांनी मला उठवलं आणि खुर्चीवर बसले. त्यांनी तरुणपणी टायपिंगचा क्लास केला होता, बोटं की शोधत नव्हती. त्यांनी इंग्रजीत लिहिलं, एबीसी हा त्रिकोण आहे. आवाजाने ते वाचलं. त्यांनी एक शब्द मुद्दाम चुकवून लिहिला, आवाजाने चुकीचाच वाचला, बाबांनी तो खोडून दुरुस्त केला, आवाजाने बरोबर वाचला. हे त्यांनी चार-पाच वेळा केलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः लिहिलेलं स्वतः तपासलं होतं. आई पदराला हात पुसत बाहेर आली तेव्हा त्यांनी तिचं नाव लिहिलं, सुशीला. आवाज म्हणाला, ‘सुशायला’. आई म्हणाली, हा कोण परका माणूस मला हाक मारतोय, आणि आत निघून गेली. तिचे डोळे मला दिसले होते, बाबांना नाही.

त्या पॅकेजमध्ये ती गाळलेली पायरी शेवटपर्यंत राहिली. ओळ लांब झाली की ते कोलमडायचं. बाबांनी त्याला लहान ओळींची सवय लावली, म्हणजे स्वतःला लावली. पुढच्या सगळ्या वर्षांत त्यांनी जे काही लिहिलं ते आखूड ओळींत. मी माझा प्रकल्प कॉलेजच्या लॅबमध्ये, पाळीपाळीने मिळणाऱ्या मशीनवर पूर्ण केला. त्या लॅबमध्ये ताटकळताना मला कधी कधी राग यायचा, हेही लिहून ठेवते. घरी मशीन असून इथे का उभी आहे मी, असं वाटायचं. संध्याकाळी जिना चढताना वरून तो नाकातला आवाज ‘अँगल’, ‘साइड’, ‘पॅरलल’ म्हणताना ऐकू यायचा आणि राग तिथवरच पुरायचा.

पूजेच्या सुट्टीत आमचा पाडा, म्हणजे मोहल्ला, ढाक नावाच्या मोठ्या ढोलांच्या आवाजाने भरलेला असताना बाबा कानाला हेडफोन लावून प्रश्नपत्रिका काढत होते. आकृत्या काढता येत नव्हत्या, म्हणून त्यांनी प्रत्येक आकृती शब्दांत लिहिली, मुलांनी ती वाचून स्वतः काढायची. शाळा उघडली त्या दिवशी छापलेला कागद घेऊन मी त्यांच्याबरोबर निघाले. त्यांच्या हातात पांढरी काठी होती, पहिल्यांदाच. बसमध्ये एका बाईने उठून त्यांना जागा दिली, ती त्यांनी घेतली. मी बाजूला उभी होते. बेहाला मागे पडल्यावर मी वाकून म्हटलं, बाबा, त्या दिवशी मी खोटं बोलले. डेस्कटॉपसाठी.

ते खिडकीकडे तोंड करून होते. ‘तू एकदा बोललीस,’ ते म्हणाले. ‘मी दोन वर्षं रोज बोलत होतो. तिकीट काढलंस का?’

मी तिकीट काढलं.

मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला. कुणी वाचून दाखवलं का म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण वर्गाचं काय? फळ्याचं काय? बाबा म्हणाले, आत्ता माझा तास आहे, या तुम्ही, पाहा. आम्ही दोघी व्हरांड्यात दाराशी थांबलो. बाबा काठी टेकत आत गेले. टेबल सापडलं, त्यावर त्यांनी काठी आडवी ठेवली. मुलं उभी राहिली होती, ती बसली. बाबा उगाच थोडा वेळ टेबलाची कड चाचपत राहिले. मला ठाऊक होतं, ‘दिसत नाही’ हे शब्द त्यांनी घराबाहेर अजून एकदाही उच्चारलेले नव्हते.

मग त्यांनी ते बंगालीत सांगितलं, मोठ्याने, नेहमीच्या शिकवायच्या आवाजात: मला डोळ्यांनी दिसत नाही. यापुढे फळ्यावर तुम्ही लिहायचं, आणि लिहाल ते बोलत लिहायचं.

मग मागच्या बाकावरून कुणीतरी, अगदी हळू, म्हणालं, ‘आम्हाला माहीत आहे, सर.’

बाबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. आधी तो तसाच राहिला, मग ओठांच्या कडा हलल्या.

‘माहीत होतं,’ ते म्हणाले, ‘तर मला सांगायचं नाही का?’

आधी एक मुलगी हसली, मग आख्खा वर्ग. बाबाही हसले, चष्मा काढून डोळे पुसले, चष्मा परत लावला. माझ्या शेजारी मोठ्या बाई कागदाची घडी करत होत्या, उलगडत होत्या आणि परत करत होत्या. आत बाबांनी खडू उचलून हात पुढे केला आणि विचारलं, चला, फळ्याशी कोण येतंय?